खालची ओळ

"एकाच डब्यातला रंग घेऊन अख्खं घर रंगवायला निघालीस, सूनबाई. मध्येच डबा संपला तर?"

आबा हे म्हणाले होते त्याला तीन वर्षं झाली. तेव्हा ते शेडमध्ये एका दवाखान्याची पाटी रंगवत होते आणि पिंगी त्यांच्या पायाशी रिकाम्या डब्यांचे मनोरे रचत होती. पिंगी तेव्हा दोन वर्षांची होती. तिच्या तोंडून मोजून अकरा शब्द फुटले होते आणि सूनबाईने ते तारखांसकट वहीत लिहून ठेवले होते. बालतपासणी केंद्रातल्या बाई म्हणाल्या होत्या, घरात दोन-दोन भाषा कानावर पडतात, मूल गोंधळलंय, एक बंद करा. कुठली बंद करायची हे विचारायची गरजच नव्हती. शाळा, दुकानं, कचेऱ्या, सगळा कारभार शहराच्या भाषेत. सूनबाईचं माहेरही त्याच भाषेतलं. घरची भाषा म्हणजे आबांची आणि त्यांच्या दोन मुलांची. उंबऱ्याच्या आत चालणारी.

"आबा, पोरीच्या डोक्याचा प्रश्न आहे, भिंतीचा नाही," असं हसत म्हणून ती आत निघून गेली होती.

आबा वाद घालणारे नव्हतेच. दुसऱ्या दिवसापासून घरची भाषा घरातही बंद झाली. पिंगी बोलायला लागली, आणि मग अशी सुटली की घरादाराच्या कानांना विसावा उरला नाही. ते नियमामुळे की वयामुळे, कोण सांगणार? आबा मात्र हळूहळू कमी बोलायला लागले. ते काही कुणी वहीत लिहून ठेवलं नाही.

आता आबांना झटका येऊन एकोणीस दिवस झाले होते.

वॉर्डात सहा खाटा होत्या. आबा तीन नंबरवर, खिडकीपाशी. उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली, नजर छताला. खाटेच्या पायथ्याशी अडकवलेल्या कागदावर लिहिलं होतं, 'बोलत नाही. सूचना समजत नाहीत.' शेजारी चार नंबरवर एक मध्यम वयाचा माणूस होता. त्याला भेटायला कुणी येत नसे. त्याच्या कागदावरही तीच दोन वाक्यं होती. सूनबाईला दुसऱ्यांचे कागद वाचायची खोड होती. काळजीने माणूस चौकस होतो, का चौकस माणसालाच काळजी लागते, हे तिचं तिलाही उमगलं नव्हतं.

शुक्रवारी तपासणी होती. व्यायाम विभागात बाराच खाटा. ज्याला सांगितलेलं समजतं त्यालाच तिथे जागा, कारण ज्याला समजत नाही त्याच्याकडून व्यायाम करून घेणार कसा? पाचपैकी तीन सूचना पाळल्या तर आत. नाहीतर गावाबाहेरच्या दीर्घ निवासात रवानगी. तिथे दर दोन तासांनी कूस बदलून देतात. त्यापलीकडे कुणी काही करत नाही.

म्हणून बुधवारी दुपारी सगळे भेटीच्या खोलीत जमले होते. आठ प्लॅस्टिकच्या खुर्च्या, त्यातली एक पाय मोडका म्हणून भिंतीला टेकवलेली. कोपऱ्यात चहाचं यंत्र, आधी कप टाकायचं आणि मग विचार करत बसायचं.

"मी सांगते, आबांना पुलापलीकडे हलवा," ताई म्हणाली. ताई म्हणजे आबांची थोरली. लग्न होऊन पुलापलीकडच्या मुलखात गेलेली. "आमच्याकडे कायदा आहे. प्रत्येक खाटेला पट्टी असते. निळी पट्टी म्हणजे मोठी भाषा, ही शहरातली, पिवळी म्हणजे आपली. पिवळी दिसली की नर्सने आपल्या भाषेतच बोलायचं. नाही बोलली तर तक्रार. रस्त्यावरच्या पाट्या दोन ओळींच्या, शाळेत पेपर, कोर्टात दुभाषा. इथल्यासारखं नाही, जिभेवर कुलूप लावून जगायचं."

"तिकडे नेऊन भाषेचं करायचंय काय, ताई?" तिचा भाऊ, म्हणजे सूनबाईचा नवरा, वैतागून म्हणाला. तो बसडेपोत वेळापत्रकं लावायचा. त्यामुळे वेळेवर न घडणाऱ्या कुठल्याही गोष्टीचा त्याला राग येई. "आबांना आता कुठलीच भाषा समजत नाही. डॉक्टर सांगतायत ना."

"बाळ्या, डॉक्टर देव आहेत का?"

"आणि तू कोण आहेस?"

"मी मोठी आहे."

"ते दर वेळी सांगतेस. एकदा लिहून दे, फ्रेम करून लावतो."

भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, मांडीवर फाइल घेऊन गप्प बसले होते. ते पलीकडच्या भाषा कार्यालयात होते. विचारल्याशिवाय न बोलण्याची त्यांना नोकरीतच सवय लागली होती.

"भावोजी, होईल का हो तसं?" सूनबाईने विचारलं.

त्यांनी फाइल उघडली, बघितल्यासारखं केलं आणि मिटली. "पिवळी पट्टी नोंदीवर मिळते. आबांच्या सगळ्या कागदांवर मातृभाषा म्हणून शहराची भाषा आहे. त्यांनीच भरलेली आहे. बदलायला सहा आठवडे."

"त्यांनीच?"

"नाहीतर पाट्यांचं काम मिळालं नसतं," ताई खाली बघत म्हणाली.

घरात हा विषय निघत नसे. सूनबाईला तो तुकड्यातुकड्यांनी कळला होता. चाळीस वर्षांपूर्वी या शहरातल्या पाट्याही दोन ओळींच्या होत्या. वर शहराची भाषा, खाली आबांची. मग हुकूम निघाला, एकच ओळ. ज्याने त्या पाट्या रंगवल्या होत्या त्यालाच खालची ओळ पुसायचं काम मिळालं. आबांनी एका उन्हाळ्यात तीनशे बारा पाट्यांवरची आपली भाषा स्वतःच्या हाताने पुसून काढली. रंग असा जुळवला की खाली काही होतं हे कुणाला ओळखू येऊ नये. शेवटची पाटी पुसून घरी आल्यावर त्यांनी मुलांना समोर बसवलं आणि नियम घातला. घरची भाषा घरात. चारचौघांत नाही, बाहेरचं माणूस समोर असताना तर अजिबात नाही. ताई तेव्हा सहा वर्षांची होती, बाळ्या पाळण्यात. बाळ्या मोठा झाला तोच त्या नियमात.

"शिवाय खरं सांगू का," भावोजी म्हणाले. आज त्यांना कुणी थांबवलं नाही. "आमच्या नर्सेस पन्नास वाक्यांची परीक्षा देतात. पगारवाढ असते ना. बोलतात छापील. आबांसारखं बोलणारं माणूस आमच्याकडे शोधून सापडत नाही. पाट्या आहेत, बोलणारे आटत चाललेत. तुमच्याकडे उलट. पाटी एक नाही, पण जुन्या वस्तीत म्हाताऱ्या अजून भांडतात त्याच भाषेत. भाषा भांडणात टिकते हो, परीक्षेत नाही."

"तुम्ही कुणाच्या बाजूने आहात?" ताईने नवऱ्याकडे रोखून पाहिलं.

"मी जेवणाच्या सुट्टीत आहे," भावोजी म्हणाले.

 ताईला आपली दोन मुलं आठवली. घरच्या भाषेच्या पेपरात पैकीच्या पैकी, आणि पेपर देऊन आली की चप्पल काढायच्या आधी मोठ्या भाषेत सुरू. हे तिने माहेरी कधी सांगितलं नव्हतं. माहेरी तिकडच्या कौतुकाशिवाय काही न्यायचं नाही, हा तिचाही एक नियमच होता.

"आणि ज्यांची भाषा या दोन्हींतली नाही, त्यांना कुठली पट्टी?" सूनबाईने सहज विचारलं.

"पांढरी."

"पांढरी म्हणजे?"

भावोजी अडखळले. "म्हणजे नोंद नाही."

तेवढ्यात कॉरिडॉरमधून आवाज आला आणि सगळ्यांना कळलं, आत्याबाई आल्या. आत्याबाई म्हणजे आबांची धाकटी बहीण. वय पंचाहत्तर, कान गेलेले, तोंड शाबूत. नदीच्या वरच्या अंगाला एकट्या राहायच्या, मासे धरायची जाळी विणायच्या. आबांशी दर रविवारी फोनवर बोलायच्या, म्हणजे ओरडायच्या. एकोणीस दिवस त्यांना रस्ता खचल्यामुळे येता आलं नव्हतं.

त्या भेटीच्या खोलीत थांबल्याच नाहीत, तडक वॉर्डात शिरल्या. मागोमाग सगळे. नर्स औषधांची गाडी ढकलत होती, सफाईवाली फरशी पुसत होती. आत्याबाईंना कशाचं काही नव्हतं. भावाला बघून त्या क्षणभर थबकल्या. मग त्याचा डावा पाय पांघरुणाबाहेर, खाटेवरून लोंबकळताना दिसला, आणि साठ-पासष्ट वर्षं ज्या पट्टीत त्याला रागावल्या होत्या त्याच पट्टीत, घरच्या भाषेत, वॉर्डभर ऐकू जाईल अशा कडाडल्या, "पाय आत घे! गारठलाय तो!"

"आत्या, हळू! लोक आहेत!" ताई आणि बाळ्या एका सुरात म्हणाले. शहराच्या भाषेत.

दोघांच्या नजरा नर्सकडे होत्या. नर्सची आत्याबाईंकडे. आबांकडे एकटी सूनबाई बघत होती.

पाय आत गेला.

घाई नव्हती. थरथरत, टाच चादरीवर घासत, पण नीट आत. जसं कुणी सांगितलेलं ऐकून घेतं तसा.

"तुम्ही आता काय म्हणालात?" सूनबाईने आत्याबाईंचा दंड धरला. "आत्या! काय म्हणालात त्यांना?"

"काय म्हणणार? पाय आत घे म्हटलं. लहानपणापासून असाच झोपतो, मेला."

सूनबाईने नवऱ्याला आणि नणंदेला बाहेर काढलं. तिचा आवाज चढला नव्हता. "या एकोणीस दिवसांत तुमच्यापैकी कुणी आबांशी घरच्या भाषेत एक शब्द तरी बोललंय?"

"म्हणजे काय, रोज बोलतो," बाळ्या म्हणाला. आणि थांबला.

"कुठे? या वॉर्डात? नर्ससमोर?"

 चहाच्या यंत्राने मागच्या माणसाचा चहा आत्ता कुठे खाली सोडला.

"मी तर पुलापलीकडून येते," ताई पुटपुटली. "येऊन त्यांच्यावर वाकते आणि म्हणते, आबा, कसं वाटतंय. शहराच्या भाषेत. अगं, मला जाणवलंसुद्धा नाही."

"तुमचं निदान सवयीने झालं," सूनबाई म्हणाली. "मी तर घरातच बंद केली. तीन वर्षं त्यांच्याशी त्या भाषेत बोलणारं रविवारच्या फोनशिवाय कुणी नव्हतं." ती मोडक्या खुर्चीवर बसायला गेली आणि भावोजींनी तिला वेळेवर सावरलं.

डॉक्टर म्हणाले, असं होऊ शकतं. मागाहून शिकलेली भाषा जाते, पहिली थोडीफार राहते. पण एक पाय हलला म्हणजे पुरावा नव्हे. तपासणी करणाऱ्या बाई त्याहून रोखठोक होत्या. "इथे दुभाष्याची सोय नाही, तसा नियमच नाही. पण घरच्यांनी सूचना दिल्या तर माझी हरकत नाही. आत दोघंच. सूचना मी सांगेन त्याच. आणि हात मागे बांधून. इशारा दिसला की शून्य."

म्हणजे आत्याबाई बाद. त्या हाताशिवाय बोलूच शकत नव्हत्या. करून बघितलं. हात मागे धरले की त्यांचं तोंडही बंद पडे.

"बाळ्या जाईल," ताई म्हणाली. "मुलगा आहे."

"मी जाईन. पण हीसुद्धा येईल," बाळ्या बायकोकडे बघत म्हणाला. "मला माझा भरवसा नाही."

एकोणीस दिवसांत तो पहिल्यांदा असं काही बोलला होता.

गुरुवारी सूनबाई वही घेऊन आत्याबाईंपुढे बसली. पिंगीच्या अकरा शब्दांची पानं ओलांडून तिने कोरं पान काढलं. तपासणीत साधारण काय विचारतात ते बाईंनी सांगितलं होतं. तेवढी पाच-सहा वाक्यं तिने ऐकून लिहून घेतली आणि म्हणून दाखवली. आत्याबाई कानाशी हात धरून ऐकत होत्या.

"कसं वाटलं?"

"तोंडात गरम बटाटा धरून बोलतेयस," आत्याबाई म्हणाल्या. "पण बटाटा आपल्या घरचा आहे."

परतीच्या बसमध्ये नवऱ्याने तिचे उच्चार सुधारले. पुढच्या सीटवर कोण बसलंय हे आधी वाकून बघून, मग हळू आवाजात. दोन थांब्यांनी त्याचा आवाज थोडा मोठा झाला. पुढचा माणूस वळला तसा लगेच गप्प.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता शेजारच्या खाटेच्या बाजूचा पडदा ओढला गेला. दाराच्या काचेपलीकडे ताई, भावोजी आणि आत्याबाई. बाईंच्या हातात तक्ता. बाळ्याने हात मागे घेतले, घसा खाकरला.

"पहिली. डोळे मिटा," बाई म्हणाल्या.

बाळ्या वडिलांवर वाकला आणि म्हणाला. आबा बघत राहिले. बाईंनी फुली मारली.

"अरे, तू शहराच्या भाषेत म्हणालास," सूनबाई कुजबुजली.

"नाही! आपल्या भाषेत म्हटलं."

"नाही रे."

त्याने बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "मला समजलं, म्हणजे माझ्याच भाषेत असणार." त्यांच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता. बाळ्याचा चेहरा पडला. घाम पुसायला हात पुढे आणावा की नको, हेही त्याला कळेना.

"एक फुली. अजून चार. तीन बरोबर यायला हव्यात," बाई म्हणाल्या. "तुम्ही बोलता का?"

सूनबाई पुढे झाली. वही तिने मुद्दामच बाहेर ठेवली होती. आबांची नजर छतावरून उतरून तिच्यावर आली.

"मूठ आवळा," तिने घरच्या भाषेत म्हटलं.

काही नाही. मग आबांच्या तोंडाचा डावा कोपरा किंचित वर गेला. सूनबाईने ते हसू ओळखलं. एखाद्या शिकाऊने पाटीवर वाकडं अक्षर काढलं की ते असंच हसायचे. डाव्या हाताची बोटं एकेक करून मिटली.

बाईंनी खूण केली. "पुढची."

"छताकडे बघा."

नजर वर गेली. तिथेच थांबली.

"जीभ बाहेर काढा."

आबांनी ओठ घट्ट मिटून घेतले. बाईंनी फुली मारली. ताईने सूचना कानात ओरडून सांगितली, तसा काचेपलीकडून आत्याबाईंचा आवाज आत आला, "अगं, सासरा सुनेला जीभ दाखवेल का! काय प्रश्न तरी!" भावोजींनी त्यांना मागे ओढलं, पण फुली काही खोडली गेली नाही.

शेवटची. बाईंनी पांघरुणावर चमचा, चावी आणि पेन्सिल ठेवली. सूनबाईला हे वाक्य अवघड जात होतं. ती मध्येच अडखळली, एक शब्द चुकला, तिला वाटलं संपलं सगळं. आणि मागून तिच्या नवऱ्याने तो शब्द सांगितला. घरच्या भाषेत, खणखणीत, परक्या बाईंसमोर. मग पूर्ण वाक्य त्यानेच म्हटलं, "आबा, पेन्सिल उचला."

आबांचा हात चमच्यावरून गेला, चावीवर घुटमळला. पेन्सिल उचलली ती लिहायला धरतात तशी नव्हे. लांब, मागून, अंगठा आणि दोन बोटांत, ब्रश धरतात तशी.

"पाचपैकी तीन," बाई म्हणाल्या आणि खाली सही केली. "तीन आठवडे देते. रोज घरचं कुणीतरी आलं पाहिजे, मला त्यांची भाषा येत नाही. सुधारणा दिसली नाही तर जागा सोडावी लागेल."

बाहेर आल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ताईने डायरी काढून कुठल्या दिवशी कोण येणार ते ठरवलं. बाळ्याने तिच्या वेळापत्रकात दोन चुका काढल्या. भावोजींनी नोंद बदलायचा अर्ज फाइलमधून काढून ताईच्या हातात दिला, तो त्यांनी बुधवारीच भरून आणला होता. रविवार पिंगीला मिळाला. तिला घरच्या भाषेतलं एक अक्षर येत नव्हतं. "आबाच शिकवतील," सूनबाई म्हणाली. आबांना अजून बोलता येत नव्हतं, हे कुणी तिच्या लक्षात आणून दिलं नाही.

दुपारी आबांची खाट व्यायाम विभागाकडे ढकलत नेली. सूनबाई त्यांचा चष्मा घ्यायला परत वॉर्डात आली. चार नंबरवरचा माणूस तसाच पडून होता. त्याची तपासणी सोमवारी, हे तिने कागदावर वाचलं. ती त्याच्यापाशी थांबली. शहराच्या भाषेत विचारलं. मग आपल्या पाच वाक्यांतली दोन म्हणून पाहिली. त्याने डोळे तिच्याकडे वळवले, ऐकलं, आणि परत फिरवले. ही दोन्ही दारं त्याची नव्हती.

"कोण आहेत हे?"

"बस स्टँडवर सापडले," नर्स म्हणाली. "कागद नाहीत काही. बोलत नाहीत."

सूनबाईने वहीतलं एक पान फाडलं. जरा विचार करून लिहिलं आणि नर्सला विचारून खाटेच्या उशाशी, भिंतीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेला पडेल असं चिकटवलं.

'हे वाचणाऱ्यास. तुम्ही कुणालाही भेटायला आला असाल, निघण्याआधी दोन मिनिटं यांच्याजवळ थांबा. तुमच्या घरात जी भाषा बोलता तिच्यात यांना मूठ आवळायला सांगा. हात दाखवू नका, नुसतं बोला. लोक आहेत म्हणून लाजू नका. मूठ मिटली तर ताबडतोब नर्सना सांगा. तपासणी सोमवारी आहे. मला दोनच भाषा येतात, त्यातली एक कालच शिकले. म्हणून खालची ओळ रिकामी ठेवली आहे. यांची भाषा सापडली तर तिच्यात यांचं नाव तिथे लिहा.'